रॉकमधल्या जागा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी विचारलं होतं की तुमचं सगळ्यात आवडतं रॉक गाणं, बँड आणि अल्बम कुठला ते कळवा. पत्रं भरपूर आली, पण बहुतेकांनी नुसत्या याद्या पाठवल्यात. याद्या वाचायला मला आवडतं, पण दहा नावं लिहून पत्र संपलं की ना माणूस कळतो ना गाणं कळतं. आवडलं म्हणजे त्यात नेमकं कुठे काय झालं, कुठल्या जागेला तुम्ही हातातलं काम थांबवलंत, ते सांगा ना. म्हणून या वेळी ज्यांनी प्रश्न विचारलेत ती पत्रं आधी घेतली आहेत आणि मी ज्या ज्या गाण्याचं नाव घेईन त्यातली माझी जागा पण सांगणार आहे, लावून बघा आणि नाही पटलं तर भांडा.

ताई, माझे सगळे मित्र रॉक ऐकतात. मी पण दोन-तीनदा लावून बघितलं पण सगळं एकदम अंगावर येतं, नुसता गोंगाट वाटतो. सुरुवात कुठून करू?

सगळं एकदम ऐकू नकोस, एवढंच सांगते. एक वाद्य पकड आणि गाणं संपेपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नकोस.

ड्रम्सपासून सुरुवात कर. लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमवर, १९७१चा आहे तो, शेवटचं गाणं आहे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. सुरुवातीला फक्त जॉन बॉनमचे ड्रम्स आहेत आणि ते इतके प्रचंड का वाटतात तर इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या मोठ्या घरात त्यांनी ड्रम्स जिन्याच्या तळाशी मांडले आणि अँडी जॉन्स या इंजिनियरने माइक वर जिन्यात टांगले, म्हणजे ठोका पडतो आणि त्याच्याबरोबर सगळा जिना घुमतो. मूळ गाणं १९२९चं ब्लूज आहे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं, मेम्फिस मिनी आणि कान्सास जो मकॉय यांचं, १९२७ साली मिसिसिपीला जो भयंकर पूर आला त्याच्यावरचं. हे माहीत झाल्यावर ते ड्रम्स परत ऐक, बांध फुटायच्या आधीची धडधड वाटायला लागते. निदान मला तरी वाटते.

मग बेस, म्हणजे खालचे जाड स्वर वाजवणारी गिटार. फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स', १९७७, त्यातलं 'द चेन'. साधारण तीन मिनिटांनंतर सगळं शांत होतं आणि जॉन मॅकव्हीचा बेस एकटाच वाजतो, आणि मग एकेक जण परत त्याच्यात सामील होतो. हा अल्बम बनत होता तेव्हा जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्हीचं लग्न मोडलं होतं, लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स वेगळे झाले होते, आणि तरी सगळे त्याच स्टुडिओत येऊन एकमेकांबद्दलचीच गाणी एकमेकांबरोबर गात होते. अख्ख्या अल्बममध्ये बँडमधल्या पाचही जणांची नावं रचनेला लागलीयत असं हे एकच गाणं आहे.

आणि गिटारसाठी डायर स्ट्रेट्सचं 'सुल्तान्स ऑफ स्विंग', १९७८. मार्क नॉफ्लर पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, न वापरता नुसत्या बोटांनी वाजवतो, त्यामुळे प्रत्येक सूर स्वच्छ आणि वेगळा ऐकू येतो, गोंगाटाची तक्रार असलेल्या माणसाला तर हेच गाणं द्यावं. शेवटच्या सोलोमध्ये, म्हणजे एकटी गिटार पुढे येते त्या तुकड्यात, तो भराभर स्वर सोडत जातो ती जागा माझी. ही तीन गाणी झाली की मला परत लिही.

माझा मुलगा नववीत आहे. दार लावून तासन्‌तास ब्लॅक सॅबथ आणि मेटॅलिका ऐकतो. असलं ऐकून तो चिडखोर होईल अशी भीती वाटते. काय करावं?

तुमची काळजी समजते मला, पण तो काय ऐकतोय ते आधी बघूया.

ब्लॅक सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनवर त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं कापली गेली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. वाजवणं संपलं असं त्याला वाटलं होतं. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, आगीत दोन बोटं निकामी होऊनही जो थोर गिटारवादक झाला तो, आणि मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनवल्या, त्याच्यावर चामडं लावलं, हलक्या तारा चढवल्या, आणि पुढे १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'पासून गिटार खालच्या पट्टीत लावायला लागला म्हणजे तारा सैल राहतात आणि बोटांना कमी दुखतं. तो जो जड, खोल आवाज तुम्हाला बंद दारातून ऐकू येतो ना, त्याच्यामागे या पोराची जिद्द आहे. त्यांचं 'वॉर पिग्ज' हे १९७०चं गाणं सरळसरळ युद्धाच्या विरोधात आहे, दुसऱ्यांच्या मुलांना लढायला पाठवून स्वतः घरी बसणाऱ्या लोकांवर आहे.

मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' १९८६चा, आणि त्याचं शीर्षकगीत व्यसन माणसाला कसं नाचवतं त्याबद्दल आहे. त्याच अल्बमवर 'ओरायन' आहे, आठ मिनिटांच्या वर, एकही शब्द नाही. मधे सगळं संथ होतं आणि क्लिफ बर्टनचा बेस पुढे येतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बँडची बस उलटून क्लिफ गेला, चोवीस वर्षांचा होता, आणि त्याच्या अंत्यविधीला हेच वाजवलं होतं. एक दिवस मुलाच्या शेजारी बसा आणि म्हणा मला 'ओरायन' ऐकव. तुम्हाला नाव माहीत आहे हे बघूनच तो चकित होईल, आणि मग त्याला विचारा तुझी आवडती जागा कुठली, तो सांगत बसेल बघा.

काळजी करायचीच तर आवाजाची करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि बहुतेक फोनमध्ये हेडफोनचा आवाज मोजायची आणि बांधून ठेवायची सोय असते. कान एकदा गेले की परत येत नाहीत, हे त्याला नक्की सांगा. आवडीवरून बोलू नका, प्लीज.

तुमचा स्वतःचा सगळ्यात आवडता अल्बम कुठला? एकच सांगायचा.

पिंक फ्लॉइड, 'विश यू वेअर हिअर', १९७५. 'डार्क साइड ऑफ द मून' जास्त गाजला, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत वर्षानुवर्षं बसून होता, आणि तो महान आहेच, पण एक निवड म्हणालात तर माझी ही.

यात एक माणूस नाहीये आणि अख्खा अल्बम त्याच्याभोवती फिरतो. सिड बॅरेटने हा बँड उभा केला, सुरुवातीची गाणी त्याची, आणि मग मन ढासळत गेलं आणि १९६८मध्ये तो बाहेर पडला. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' त्याच्यासाठी आहे. जून १९७५मध्ये त्याच गाण्याचं काम चालू असताना एक जाड, डोकं आणि भुवया पूर्ण भादरलेला माणूस स्टुडिओत येऊन उभा राहिला आणि बराच वेळ कुणी ओळखलंच नाही, तो सिड होता.

माझी जागा सांगते. सुरुवातीला कीबोर्ड्सचा लांबच लांब पडदा आहे, त्यावर गिटार हळूहळू फिरते, आणि मग जवळपास चार मिनिटं होताना सगळं थांबतं आणि डेव्हिड गिलमोर फक्त चार स्वर वाजवतो. चारच. थांबतो. परत तेच चार. त्या चार स्वरांनी बँडला हे गाणं सुचलं होतं. मी हे कितीही वेळा ऐकलं तरी त्या जागेला माझा श्वास अडकतो.

मला फक्त सुटी गाणी आवडतात, शफलवर टाकून ऐकते. अख्खा अल्बम ओळीने ऐकायचा आग्रह का धरतात लोक?

सगळ्या अल्बमसाठी मी पण आग्रह धरणार नाही, बऱ्याच अल्बममध्ये दोन चांगली आणि बाकी भरताड असते. पण वर सांगितलेला अल्बम घ्या. 'शाइन ऑन'चे नऊ भाग आहेत, पहिले पाच अल्बमच्या सुरुवातीला आणि उरलेले चार शेवटी, आणि मधे तीन गाणी आहेत. शफलवर हे दोन तुकडे कुठेतरी इकडे तिकडे पडतात आणि त्या माणसाकडे परत येणं जे आहे ते होतच नाही. किंवा बीटल्सचा 'अ‍ॅबी रोड', १९६९, त्याच्या दुसऱ्या बाजूला छोटी छोटी गाणी एकमेकांत गुंफली आहेत आणि शेवटाकडे 'दि एन्ड'मध्ये आधी रिंगोचा ड्रम सोलो येतो, मग पॉल, जॉर्ज आणि जॉन आळीपाळीने गिटार वाजवतात, तिघांचे तीन स्वभाव लगेच ओळखू येतात. हे एकटं तोडून ऐकलं तर दोन मिनिटांचं काहीतरी वाटेल. असे पाच-सहा अल्बम ओळीने ऐका, बाकी शफल खुशाल चालू द्या.

इंग्रजी गाण्याचे शब्द कळत नाहीत म्हणून मी मागे राहतो. शब्द न कळता रॉक आवडू शकतं का?

हो! 'डार्क साइड ऑफ द मून'वर 'द ग्रेट गिग इन द स्काय' आहे. त्यात गायिकेला एकही शब्द नाही. क्लेअर टॉरी नावाची गायिका जानेवारी १९७३मध्ये एका रविवारी स्टुडिओत आली, तिला सांगितलं शब्द नाहीत, मरणाबद्दल आहे, गा. तिने आधी काहीतरी गुणगुणून बघितलं आणि मग ठरवलं की आपण वाद्य आहोत असं समजून गायचं. ती चढत चढत किंचाळण्यापर्यंत जाते आणि मग आवाज हळूहळू खाली येतो, थकून, समजूत पटल्यासारखा, ती उतरायची जागा ऐका. तिला त्या दिवसाचे ३० पाउंड मिळाले होते. २००४ साली ती कोर्टात गेली आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन रचनेत फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटच्या बरोबरीने तिचं नाव लागलं, आणि ते लागायलाच हवं होतं.

रॉक म्हणजे गिटार घेतलेले पुरुष असंच चित्र दिसतं. बायका कुठे आहेत?

अगदी सुरुवातीपासून आहेत, नावं मागे टाकली गेली. सिस्टर रोझेटा थार्प ही चर्चमधली गाणी गाणारी बाई इलेक्ट्रिक गिटार घेऊन ज्या जोशात वाजवायची ते रॉक अँड रोल हा प्रकार लोकांना माहीत व्हायच्या आधी, १९४४मध्येच तिने रेकॉर्ड केलेलं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' ऐका. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला घेतलं ते २०१८ साली, ती जाऊन पंचेचाळीस वर्षं झाल्यावर. मला याचा खरंच राग येतो.

रोलिंग स्टोन्सचं 'गिमी शेल्टर', १९६९. त्यात मेरी क्लेटन गाते. मध्यरात्रीच्या सुमारास तिला घरून बोलावलं, ती गरोदर होती, केसांना रोलर लावलेले तसेच ठेवून आली. तीन मिनिटांच्या आसपास पूर्ण ताकदीने गाताना तिचा आवाज फाटतो आणि मागून मिक जॅगरच्या तोंडून निघालेली दाद पण रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते. रॉकमधली सगळ्यात मोठी जागा कुठली असं कुणी मला विचारलं तर मी हीच सांगेन, कुठल्याही गिटार सोलोच्या आधी.

आणि जॅनिस जॉपलिनचा 'पर्ल'. ४ ऑक्टोबर १९७०ला ती गेली, अल्बम जानेवारी १९७१मध्ये आला. त्यावर 'बरीड अलाइव्ह इन द ब्लूज' या गाण्यात तिचा आवाज नाही, नुसती वाद्यं आहेत कारण ती गाणार त्याच्या आधीच गेली, बँडने वाजवलेलं तसंच ठेवलंय. अल्बम ओळीने ऐकताना तिथे पोचलात की कळेल मी काय म्हणतेय ते.

हार्टचं 'बॅराकुडा' पण लावा, अ‍ॅन आणि नॅन्सी विल्सन या बहिणींचं, १९७७. त्याच्यावर पुढे कधीतरी सविस्तर.

झेपलिन मोठे की फ्लॉइड? आमच्या ग्रुपमध्ये यावरून बोलणं बंद झालंय.

बोलणं सुरू करा आधी. अंगात ताल भिनवायचा असेल तर झेपलिन, डोळे मिटून लांब जायचं असेल तर फ्लॉइड. मी फ्लॉइडवाली आहे, पण बॉनमसारखा ड्रमर फ्लॉइडकडे नव्हता हे मी कुणाहीसमोर मान्य करेन.

आता रॉक संपलं असं सगळे म्हणतात. आजचं काही ऐकण्यासारखं आहे का?

संपलेलं नाही, फक्त पूर्वी जिथे शोधायचो तिथे सापडत नाही. आफ्रिकेतल्या नायजर देशाचा एमडू मोक्तार ऐका, डावखुरा आहे, पहिली गिटार स्वतः बनवली आणि तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या केबल लावल्या. २०२१च्या 'आफ्रिक व्हिक्टिम'चं शीर्षकगीत लावा, ते जसं पुढे जातं तशी लय वाढत जाते, वाढतच जाते, आणि गिटार अक्षरशः पेटते. ऑस्ट्रेलियाच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या बँडने २०१७ या एका वर्षात पाच अल्बम काढले, त्यातल्या 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना'साठी गिटारवर जादा पडदे बसवून घेतले म्हणजे नेहमीच्या दोन स्वरांच्या मधले स्वर वाजवता येतील, आपल्या श्रुतींची सवय असलेल्या कानाला हे परकं वाटणार नाही. आणि मेक्सिकोचा द वॉर्निंग, तीन सख्ख्या बहिणी, गिटार, बेस, ड्रम्स, बस. त्यांच्यात ड्रम्स वाजवता वाजवता गाते ती पाउलिना, तिच्याकडे लक्ष ठेवा.