बेल वाजवा आणि थांबा

प्रश्न : ताई, आमच्या शेजारी ८३ वर्षांच्या आजी एकट्या राहतात. मूलबाळ नाही, एक भाचा आहे, तो परदेशात असतो. दोन वर्षांपूर्वी त्या घरात पडल्या. तेव्हापासून मजल्यावरच्या आम्ही तीन घरांनी त्यांची जबाबदारी घेतली आहे. डबा, औषधं, बँकेची कामं, सगळं आम्ही बघतो. दिवसातून तीनदा कोणीतरी डोकावून येतं आणि ग्रुपवर तसं कळवतं. किल्ली आमच्याकडे असतेच, त्यामुळे बेल वाजवून त्यांना उठवत नाही. पण गेले काही महिने आजी बदलल्या आहेत. घरात कोणीतरी येतं, वस्तू हलवतं, असं म्हणतात. मध्यंतरी समोरच्या घरातले काका डबा ठेवायला गेले तेव्हा आजी नुकत्याच अंघोळ करून बाहेर आल्या होत्या, तर केवढ्या चिडल्या! आता भर दिवसाही आतून कडी लावून घेतात. पुन्हा पडल्या तर आम्ही आत जायचं कसं? हा डिमेन्शिया असेल का? सुताराला बोलावून कडीच काढून टाकावी, असं काहींचं म्हणणं आहे. भाच्याला सांगून त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं, असंही वाटू लागलंय. एवढं करून पदरी संशय आला, याचं फार वाईट वाटतं.
— एक शेजारीण

उत्तर : एवढ्या मोठ्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मी तिथेच अडकले. ‘किल्ली आमच्याकडे असतेच, त्यामुळे बेल वाजवून त्यांना उठवत नाही.’ तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे.

आजी म्हणतात, घरात कोणीतरी येतं आणि वस्तू हलवतं. खरंच येतं. तुम्ही येता. दिवसातून तीनदा, तीन वेगवेगळ्या घरांतली माणसं, न सांगता. डबा ठेवायला जागा हवी म्हणून टेबलावरचं काहीतरी सरकवलं जात असणार. औषधांच्या पट्ट्या कोणीतरी नीट लावून ठेवत असणार. आजी आतल्या खोलीत पडलेल्या असतील, तुमची चाहूल त्यांना लागतही नसेल. उठून बाहेर येतात तर चष्मा ठेवला होता तिथे नाही. जे घडतंय तेच त्या सांगताहेत, आणि तुम्ही त्याला आजाराचं नाव द्यायला निघालात. मला याचा राग आला. तो लपवत नाही.

आणि त्या ‘केवढ्या चिडल्या’ने तर जास्तच. तुम्ही अंघोळ करून बाहेर यावं आणि तुमच्याच घरात समोर शेजारचा पुरुष उभा असावा, तर तुम्ही गप्प राहिला असता का? ८३ वर्षं झाली म्हणून बाईची लाज संपत नाही. त्या काकांनी माफी मागितली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मागितली नसेल तर आजच मागायला सांगा.

कडी त्यानंतरची आहे, हे तुमच्याच पत्रातून दिसतं. आपल्या घराचं दार आपल्या हाती राहावं, यासाठी त्यांच्याजवळ तेवढाच उपाय उरला होता. तोही सुतार आणून काढून टाकलात तर आजी रात्री दाराला खुर्ची नाहीतर टेबल ओढून लावतील. एकदा पडलेल्या बाईने अंधारात फर्निचर ओढत बसावं, असं तुम्हाला हवंय का?

तुम्हाला वाईट वाटतंय ते संशयाचं. पण आजींनी तुमचं नाव घेतलेलं नाही, हे लक्षात घ्या. ज्यांच्या हातून रोजचा डबा येतो, त्यांना ‘बेल वाजवून या हो’ असं तोंडावर सांगणं किती अवघड असतं! उद्या डबा बंद झाला तर, बँकेत कोण जाईल, असं सगळं मनात येतं. मग माणूस आडून बोलतं. ‘कोणीतरी येतं’ म्हणतं. त्या तुम्हाला गेले काही महिने हेच सांगत असाव्यात, आणि तुमच्यापैकी कोणीच ऐकलं नाही.

तुमचा हेतू चांगला आहे. तो तुम्हालाही ठाऊक आहे, त्यावर मी आणखी शब्द घालवत नाही.

पडण्याची भीती मात्र खोटी नाही. म्हातारपणी पडण्याइतकंच पडून राहणंही वाईट. काही तास जमिनीवर तसंच पडून राहिलं तर कातडीला जखमा होतात, दबलेल्या स्नायूंची झीज होऊन त्याचा भार मूत्रपिंडावर येतो, अंगातलं पाणी कमी होतं. केंब्रिजमधल्या नव्वदीपुढच्या माणसांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासाच्या वर्षभरात जी माणसं पडली, त्यांतल्या ८० टक्के जणांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आलं नव्हतं. ३० टक्के लोक तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर होते. यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढे आहे : मदत बोलावायची घंटा पुष्कळांकडे होती, पण उठता येत नसतानाही बहुतेक वेळा ती वाजवलीच गेली नाही. म्हणजे यंत्र असो, किल्ली असो की तुमच्या तीन फेऱ्या, हाक मारायची की नाही हे शेवटी जमिनीवर पडलेलं माणूस ठरवतं. आज आजी पडल्या तर त्या तुम्हाला हाक मारतील? मला शंका आहे. ज्यांच्या भीतीने कडी लावली, त्यांनाच हाक कशी मारायची?

‘उठायचा त्रास नको’ हा तुमचा विचारही तपासून बघा. खुर्चीतून उठून दारापर्यंत चालत येणं हा त्यांच्या पायांचा दिवसातला मोठा व्यायाम असेल. वापर थांबला की या वयात स्नायू झपाट्याने जातात. निरोगी वयस्कर माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचे स्नायू किलोभराच्या आसपास घटल्याचं दिसलं आहे. शिवाय बेल वाजवून बाहेर उभं राहिलात, की तुम्हाला जे कळेल ते आत डोकावून कळणार नाही. आजींना यायला किती वेळ लागला? गेल्या आठवड्यापेक्षा जास्त? भिंतीला धरून येताहेत का? डॉक्टरांची एक साधी चाचणी असते : खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढला असं धरतात. तुमच्या दारातल्या उभं राहण्याला तेवढी अचूकता नसेल, पण रोज थांबणाऱ्याला फरक कळतोच. ग्रुपवर ‘डबा ठेवला, झोपल्या आहेत’ लिहून काय कळतं? आणि ज्या ग्रुपवर त्यांच्या झोपेची नोंद होते, त्यात त्या स्वतः आहेत का?

डिमेन्शियाबद्दल. चोरीचा, कोणी घरात शिरल्याचा संशय हे त्या आजारात दिसतं, हे खरं. पण जोवर कोणीतरी रोज खरोखर शिरतंय, तोवर यावरून काहीच ठरवता येणार नाही. आधी ते थांबू द्या. नंतरही वस्तू हलल्याची तक्रार राहिली, ओळखीची नावं, ओळखीची कामं विसरू लागल्या, तर त्यांच्याशी बोलून डॉक्टरांकडे चला. एक गोष्ट मात्र वेगळी : एकदोन दिवसांत अचानक बोलणं असंबद्ध झालं, दिवस की रात्र कळेनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या वयात लघवीतला संसर्ग, पाणी कमी पडणं, एखादं नवं औषध यानेही तसं होतं, आणि ते बहुधा उपचारांनी उतरतं.

आता करायचं काय? उद्या सकाळी जा आणि किल्ली परत करा.

तिन्ही घरांत मिळून किती किल्ल्या आहेत ते आधी पाहा, सगळ्या गोळा करा. एकट्या जा, घोळका नको. बेल वाजवा आणि त्या येईपर्यंत थांबा, कितीही वेळ लागला तरी. ‘आत येऊ का?’ असं विचारा. मग किल्ल्या त्यांच्या हातात ठेवून सरळ सांगा : ‘आजी, घरात कोणीतरी येतं म्हणता ना, ते आम्हीच होतो. न विचारता येत होतो. चुकलं आमचं.’ या वाक्याला ‘पण तुमच्या काळजीपोटी’ असं शेपूट जोडू नका. त्या काही बोलतील, कदाचित खूप बोलतील. ऐकून घ्या.

किल्ली कोणाकडे ठेवायची, ती कधी वापरायची, बेलला उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबून आत यायचं, हे त्यांना सांगू दे. तुमच्यापैकी एखाद्याकडे त्या कधीच किल्ली देणार नाहीत, ते मुकाट्याने मान्य करा. आतली कडी बाहेरूनही उघडता येईल अशी करून घ्यायची का, हे दोनतीन आठवड्यांनी विचारा. उद्या नको. उद्या तुम्ही फक्त परत द्यायला जाताय, मागायला नाही.

भाच्याला फोन करून वृद्धाश्रमाची बोलणी सुरू करण्याचा विचार आजच सोडा. आजींच्या घराबद्दल जे बोलायचं ते त्यांच्यासमोर, आणि त्यांना तो विषय हवा असेल तेव्हा. ग्रुपवर कोणी कुरकुर केली, तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.