वाचकांचे प्रश्न : दादरला उतरताना

प्रश्न : ताई, माझ्या मुलीला अंधेरीला नोकरी लागली आहे. ती डोंबिवलीला मावशीकडे राहणार. आम्हाला लोकलची सवय नाही. दादरला दोन वेगळ्या रेल्वे आहेत म्हणतात, मग दोन पास काढावे लागतील का? आणि गाडी बदलताना काय सांभाळायचं?
– एक आई, सांगली

उत्तर : पास एकच. डोंबिवली ते अंधेरी, दादरमार्गे. डोंबिवलीच्या खिडकीवर काढला की मध्य रेल्वेच्या गाडीत चालतो आणि पश्चिम रेल्वेच्याही. रेल्वे दोन असल्या तरी प्रवास तुटत नाही, ही काळजी सोडा.

सांभाळायचा तो फलाटाचा नंबर. १९९१ साली मी पहिल्यांदा याच रस्त्याने कामाला निघाले, तेव्हा मैत्रिणीशी ठरलं होतं : दादरला एक नंबरवर भेटायचं. मी सेंट्रलच्या एक नंबरवर पाऊण तास उभी, ती वेस्टर्नच्या एक नंबरवर तेवढीच. मोबाइल नव्हते. शेवटी मी विचारत विचारत एकटीच अंधेरीला पोचले, डोळ्यांत पाणी घेऊन. पुढे सव्वीस वर्षं दादरला गाडी बदलली, पण कुणी नुसतं ‘एक नंबर’ म्हटलं की माझा प्रश्न ठरलेला : कुठला, वेस्टर्नचा की सेंट्रलचा?

तुमच्या मुलीला हे विचारावं लागणार नाही. ९ डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट सलग मोजतात. वेस्टर्नचे १ ते ७ होते तसेच राहिले आणि सेंट्रलचे पुढे ८ ते १४ झाले. सेंट्रलचा जुना एक आता आठ. जुनी माणसं अजून जुनेच आकडे सांगतात, म्हणून तिला सांगा, पाटी वाचायची. सकाळी ती आठ किंवा त्यापुढच्या फलाटावर उतरेल, ब्रिजवरून सात किंवा त्याखालच्या फलाटावर जाईल. आधी इंडिकेटर बघायचा, मगच जिना उतरायचा. चुकीचा जिना उतरलं की गर्दीतून उलटं चढावं लागतं, त्यात गाडी जाते.

फास्ट लोकल असेल तर कुर्ला सुटायच्या आत दाराकडे सरकायला हवं. पुढच्या बाईला ‘दादरला उतरणार का?’ विचारायचं. ती ‘नाही’ म्हणाली तर जागा बदलून घ्यायची, आणि दादर कुठल्या बाजूला येतं तेही तेव्हाच विचारायचं. महिलांच्या डब्यात हे सांगायला कुणी ना कुणी असतंच. मला पहिल्या महिन्यात ज्या बायकांनी खांद्याला धरून दाराशी उभं केलं, त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

ऑफिस अंधेरीत नेमकं कुठे आहे, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. चकाला किंवा मरोळच्या बाजूला असेल तर दादरला जायचंच कशाला? घाटकोपरला उतरून मेट्रो घ्यावी. ती २०१४ पासून थेट अंधेरी-वर्सोव्याला जाते. फक्त रेल्वेचा पास तिथे चालत नाही, मेट्रोचे पैसे वेगळे. तरी मी माझ्या मुलीला हाच रस्ता सांगितला असता.

संध्याकाळी दादरला कल्याणकडची गाडी येते तीच भरून. ती बघून घाबरलेल्या मुलींसाठी : मार्च २०१९ पासून काही लोकल परळहून सुटतात. अंधेरीहून स्लो गाडीने प्रभादेवीला उतरायचं, ब्रिज ओलांडून परळला यायचं, तिथे बसायला मिळण्याची शक्यता बरीच. दादरमार्गेचा पास दादरच्या पुढे चालणार नाही, हे खिडकीवर आधीच विचारून घ्या. आणि ब्रिजवर गर्दी दाटली तर बाजूला थांबायचं, एक गाडी सोडायची. याच परळ-प्रभादेवीच्या जुन्या ब्रिजवर २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. कामावर निघालेली माणसं होती. पाऊस आला की मला ती सकाळ आठवते.

प्रश्न : एकाच ठिकाणी दोन रेल्वे ठेवायचं कारण काय? एकच का नाही करत?
– एक ज्येष्ठ वाचक, ठाणे

उत्तर : काका, सुरुवात तुमच्या ठाण्यापासूनच. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती जीआयपी कंपनीची. समुद्राच्या बाजूने गुजरातकडे जाणारा रस्ता बीबीसीआय या दुसऱ्या कंपनीचा. दोन कंपन्यांचे रूळ दादरला शेजारी आले, पण स्टेशनं आपापली राहिली. ५ नोव्हेंबर १९५१ ला त्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या. मालक सरकारच, कारभार मात्र एकीचा सीएसएमटीहून, दुसरीचा चर्चगेटहून. त्या एक कराव्यात असं मला वाटत नाही, दोघींचा पसारा फार मोठा आहे. पण फलाटांचे आकडे सलग करायला १९५१ नंतर बहात्तर वर्षं लागावीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. एवढं काम रोजच्या प्रवाशाला विचारलं असतं तर त्याने पहिल्या दिवशीच सुचवलं असतं.

प्रश्न : कणकवलीला जायला दादरहून तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं आहे. यादीत दोन दादर दिसतात. कुठलं धरू? शुक्रवारी रात्री निघायचं आहे.
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : ‘डीआर’ म्हणजे सेंट्रलचं दादर, ‘डीडीआर’ म्हणजे वेस्टर्नचं. कोकणची तुतारी डीआरहून सुटते. तुम्ही गोरेगावहून वेस्टर्नने याल, तेव्हा सामान घेऊन ब्रिज ओलांडावा लागेल, त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवा.

तारीख नीट बघा. गाडी रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे तारीख बदललेली असते. शुक्रवारी रात्री घरातून निघायचं, तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. माझ्या मामांनी गणपतीला शनिवारचं तिकीट घेतलं आणि शनिवारी रात्री सगळं बिऱ्हाड घेऊन फलाटावर गेले. त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेली होती. त्या वर्षी गावची आरती त्यांना फोनवर ऐकावी लागली.