रिपोर्ट नॉर्मल, पण पोट अजून पुरातच

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. मी निपाणी भागातली, आमचं गाव वेदगंगेच्या काठाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये रात्री घरात पाणी शिरलं, सासऱ्यांना खाटेसकट उचलून बाहेर काढलं, मागची भिंत डोळ्यांदेखत बसली, म्हस दाव्याला होती ती सोडवायला जमली नाही. २०२१ ला परत पाणी आलं पण तेव्हा आम्ही आधीच बाहेर पडलो होतो. तेव्हापासून माझं पोट बिघडलंय ते बिघडलंयच. सकाळी मुरडा येतो, तीन-चार वेळा जायला लागतंय, जेवलं की पोट दगडासारखं, जळजळ, ढेकरा, आणि ढग भरून आले की विचारूच नका. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका, आता घरातले पण तेच म्हणतात. मुलगी बेळगावला हॉस्टेलला आहे, कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळं बायकांना बसचं तिकीट फुकट, तरी दोन वर्षं झाली गेले नाही, वाटेत लागली तर काय करायचं? दूध सोडलं, वांगं सोडलं, डाळ सोडली, आता दहीभातावर आहे. हे खरंच मनाचं आहे का?
– एक वाचक

उत्तर : ताई, 'मनाचं आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'नाटक आहे' असंच ऐकू येतं, म्हणून मला ते वाक्यच आवडत नाही. दुखणं पोटातच आहे आणि खरं आहे. दुर्बिणीला जखम दिसते, सूज दिसते, आतडं काम कसं करतंय ते दिसत नाही. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींच्या वर मज्जापेशी असतात आणि व्हेगस नावाच्या नसेतून त्यांचं मेंदूशी दिवसरात्र बोलणं चालू असतं. धोका दिसला की वरून जठराला निरोप जातो थांब, आणि मोठ्या आतड्याला जातो रिकामं हो, म्हणून तर तुमचं वर जड आणि खाली पातळ, दोन्ही एकदम. त्या रात्री शरीर बरोबरच वागलं, फक्त पाणी ओसरल्यावरही ते सावधच राहिलं, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की आतड्याच्या नसा इतक्या हळव्या होतात की साधा गॅससुद्धा कळ मारतो. तुमचं वर्णन आयबीएसशी, म्हणजे आतडं दिसायला ठीक पण चालायला बिघडलेलं, या आजाराशी जुळतं, पण ते ठरवायचं तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी. रक्त, थायरॉइड, गव्हाची सिलिअ‍ॅक टेस्ट झाली नसेल तर एकदा करून घ्या. आणि शौचातून रक्त, न सांगता उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा अंगात रक्त कमी, यातलं काही असेल तर मी लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडं जा.

आता जेवण. दहीभातावर राहू नका, एकेक पदार्थ सोडत गेलं की पोट सुधारत नाही, भीती मात्र वाढते. वांग्याचा बिचाऱ्याचा यात फारसा दोष नाही. त्रास जास्त करून कांदा, लसूण, गहू, हरभऱ्याची डाळ आणि दुधानं होतो. (लसणाशिवाय खर्डा म्हणजे आपल्याकडं शिक्षाच, मला कळतं.) एवढेच तीन-चार आठवडे बंद ठेवा, मग एकेक करून परत आणा, जे सोसेल ते खायचंच. जोंधळ्याची भाकरी बिनधास्त खा, ती बहुतेकांना गव्हापेक्षा सोसते. सकाळी उपाशीपोटी कडक चहा तेवढा बंद करा, आतड्याला ढकलायला तो एकटा पुरतो. इसबगोल थोड्यापासून सुरू करा, पाणी भरपूर.

पण खरं सांगू का, तुम्ही म्हशीचं एका ओळीत लिहून पुढं गेलात आणि मी तिथंच थांबले. ढग आले की पोटात गोळा येतो, म्हणजे ती रात्र अजून चालूच आहे, आणि तिच्यावर उपचार आहेत. आघातासाठीची सीबीटी (भीतीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) किंवा ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत ती आठवण हलकी करायची पद्धत) अशा पद्धतीनं काम करणारा समुपदेशक शोधा. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि घरातूनच सुरुवात करायची तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फोन फुकट, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलीन लिहून दिली तर 'मला वेड्याची गोळी दिली' म्हणून फेकून देऊ नका, नैराश्याला लागते त्याच्या बऱ्याच कमी डोसमध्ये ती आतड्याच्या नसा शांत करते आणि जुलाबही आवरते, फक्त गुण यायला काही आठवडे लागतात. स्वतःहून मेडिकलमधून मात्र आणू नका.

रोज दोनदा दहा-दहा मिनिटं श्वासाचं करा, चार आकडे घ्यायचा, सहा आकडे सोडायचा, पोट हलू द्यायचं. मुरडा आल्यावर नव्हे, शांत असताना सवय करा, नाहीतर ऐनवेळी सुचत नाही.

बसचं हळूहळू जमवू. घाईचा दिवस नको, पाऊण तास लवकर उठा, थोडं खा, पोटाला त्याचा वेळ द्या. उपाशी निघू नका, तुम्ही निघत असणार असं मला वाटतंय. पहिल्यांदा फक्त संकेश्वरपर्यंत जा, स्टँडवर उतरा, परत या. पोट कुरकुरलं तरी उतरून पळायचं नाही, ती लाट बहुतेक वेळा चढते तशी उतरते, ते एकदा बसल्या जागी अनुभवायला हवं. पिशवीत जादा कपडे ठेवा, लाज कसली त्यात. तीन-चार वेळा झालं की हत्तरगी, मग काकती, मग बेळगाव. वर्षभर लागलं तरी लागू दे, फक्त समुपदेशकाची पहिली भेट मृग लागायच्या आत उरका, यंदाचे ढग तुम्ही एकटीनं बघू नका.

आणि मुलीला आधी सांगून ठेवा आई का येत नव्हती ते. तिला बहुतेक वेगळंच काहीतरी वाटत असेल.