बाबा म्हणतात, "आम्ही अप्लाय करतोय"

प्रश्न: ताई, मी जूनमध्ये आईबाबांसोबत अमेरिकेतली आणि नंतर इंग्लंडमधली कॉलेजं बघायला जातेय. मध्ये एका कॉलेजच्या ऑनलाइन सेशनला बाबांनीच माइक ऑन करून अकरा प्रश्न विचारले, वर "आम्ही अप्लाय करतोय" म्हणाले. आम्ही?! मला कुठे तोंड लपवू असं झालं. टूरला त्यांना हॉटेलवरच ठेवू का? आणि नाही गेलं तर अ‍ॅडमिशनवर परिणाम होतो का?
– एकटीच अप्लाय करणारी

उत्तर: अगं, हॉटेलवर कशाला, पैसे तेच भरणारेत ना! माझ्या मुलीच्या वेळी मी पण हेच केलंय, होस्टेलची खोली दाखवत होते तर मी कपाट उघडून आत किती हँगर मावतील ते बघत बसले आणि ती लांब जाऊन असं उभी राहिली की जणू ही बाई कोण मला माहीतच नाही.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. काही कॉलेजं तू किती इंटरेस्ट दाखवलास ते बघतात, पण एमआयटी, स्टॅनफर्डसारखी बघत नाहीत, त्यामुळे नाही गेलीस म्हणून सीट गेली असं तिथे होत नाही. टुरिस्ट व्हिसावर कॉलेज बघता येतं, फक्त शिकायला एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा, लागतो. टूर बहुतेक फुकट असते पण नाव आधी नोंदव, स्लॉट भरतात.

जूनचा एक घोळ आहे. अमेरिकेत तेव्हा बहुतेक ठिकाणी सुट्टी, बरीच मुलं मे महिन्यातच घरी गेलेली असतात, म्हणजे तुला बिल्डिंगा दिसणार, हिरवळ दिसणार, पण कॉलेज दिसणार नाही. इंग्लंडला उलट आहे, ऑक्सफर्डचे ओपन डेज जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला असतात, म्हणून जमलं तर ट्रिप तशी फिरव. आणि तिथलं लक्षात ठेव, ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, इतरांच्या बरंच आधी.

आता बाबा. आधी एक तास माहितीचं सेशन असतं, ते त्यांना देऊन टाक. फी, स्कॉलरशिप, इन्शुरन्स, सेफ्टी, हे प्रश्न ते तुझ्यापेक्षा चांगले विचारतील, खरंच. मग एखादा विद्यार्थी उलटा चालत चालत कॅम्पस दाखवतो, तिथे तू पुढे राहा आणि आईबाबांना मागे चालू दे, काही ठिकाणी तर पालकांचा ग्रुपच वेगळा करतात. टूर संपली की अर्धा तास एकटी फिर. लायब्ररीत जा, नोटिस बोर्ड वाच, कोणीतरी बसलेलं दिसलं की विचार, "गेल्या आठवड्यात सगळ्यात वैताग कशाचा आला?" गाइड हे सांगत नाही, तो छानछानच सांगतो, त्याचं कामच ते.

बोस्टनला जाणार असशील तर हार्वर्ड आणि एमआयटी मेट्रोच्या रेड लाइनवर दोनच स्टेशनं लांब आहेत, तरी एका दिवसात दोन्ही कोंबू नकोस, संध्याकाळपर्यंत सगळे जिने सारखेच वाटायला लागतात.

आणि बाबांना जमलं तर हेही सांग, अमेरिकेत कॉलेजला गेल्यावर १९७४ च्या कायद्यानुसार मार्कांचा रेकॉर्ड मुलाचा असतो, पालकांनी मागितला म्हणून कॉलेज सहसा थेट पाठवत नाही. मी हे ऐकलं तेव्हा दोन मिनिटं गप्प होते. माझी मुलगी मात्र जाम हसत होती.