वाचकांचे प्रश्न : पद्मिनीचे छत कापावे का?

प्रश्न : वडिलांनी घेतलेली 1974 सालची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे आहे. इंजिन उत्तम चालते आणि कागदपत्रेही पूर्ण आहेत. मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने तिचे छत कापून वर उघड-झाप करणारा कापडी टप बसवावा, अशी इच्छा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या आतेभावाने स्वतःच्या ट्रायम्फ हेराल्डचे छत घरच्या घरी उतरवले. येथील फॅब्रिकेटरही आठ दिवसांत काम करून देतो म्हणतो. काय करावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : कृपया छत कापू नका.

आपल्या आतेभावाने केले ते योग्यच आहे. मात्र त्याची गाडी निराळ्या जातीची आहे. 1959 साली आलेल्या हेराल्डला स्वतंत्र चासी, म्हणजे सगळा भार पेलणारी खालची लोखंडी चौकट, असून बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने बसवलेले असतात आणि छतही त्यांपैकीच एक असते. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट 1100. तिला वेगळी चासी नाहीच. तळाचा पत्रा, दारांच्या उंबऱ्याखालच्या पोकळ पेट्या, दारांचे खांब आणि छत वेल्डिंगने एकजीव होऊन जो सांगाडा तयार होतो, तोच सगळा भार पेलतो. काडेपेटीचे बाहेरचे वेष्टण दोन्ही टोकांना धरून पिळून पाहावे, मग त्याची एक रुंद बाजू ब्लेडने कापून काढावी आणि पुन्हा पिळावे. छत गेल्यावर गाडीच्या अंगातला ताठपणा कसा जातो, ते बोटांनाच कळेल.

काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये अशीच छत कापलेली पद्मिनी मी पाहिली. गाडी रिकामी असताना चारही दारे व्यवस्थित लागत. मागे तिघे बसले, की गाडी कंबरेत किंचित खचे, पुढच्या दाराची वरच्या कोपऱ्यातली फट मिटे आणि दार असे अडके, की उंबऱ्याच्या मध्याखाली जॅक लावून दोन वळसे दिल्याशिवाय ते सुटत नसे. त्या गाडीला अपघात झाला असता, तर आतल्या माणसांना बाहेर कसे काढले असते, हा विचार अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही.

हे काम नीट करायचेच, तर कापण्यापूर्वी दारांच्या जागेत पाइप वेल्ड करून माप पक्के धरावे लागते, उंबऱ्याच्या पेट्यांत जाड पत्र्याची दुसरी पेटी घालावी लागते, तळाखाली आडव्या-तिरप्या पट्ट्या द्याव्या लागतात आणि पुढच्या काचेची चौकटही बळकट करावी लागते. आपली गाडी चार दारांची असल्यामुळे अडचण आणखी वाढते, कारण ज्या मधल्या खांबावर पुढच्या दाराचे कुलूप आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या असतात, तो वरून मोकळा सुटतो. एवढे सगळे वजन 1089 सीसीच्या इंजिनाने ओढायचे, ते निराळेच. खुद्द फियाटने 1955 साली 1100च्या यंत्रणेवर ‘त्रास्फोर्माबिले’ ही उघडी गाडी काढली, तेव्हा चार दारी गाडीचे छत न कापता दोन आसनांची स्वतंत्र बॉडी बनवली होती. आठ दिवसांचा वायदा करणाऱ्या कारागिराला यांपैकी तो नेमके काय करणार आहे, हे अवश्य विचारावे.

कायद्याचेही पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केले आहे. विम्याचा दावा करताना असा बदल आड येऊ शकतो. त्यातच आपली गाडी पन्नाशीची आहे. 2021च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या चारचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. सांगाड्यात मोठा फेरफार केला, की ही वाट बंद होते. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची गेली. त्यामुळे पुढे पश्चात्ताप झाल्यास बसवायला दुसरे छत मिळवणे वर्षागणिक अवघडच होत जाणार.

लग्नापर्यंत हाताशी वेळ असेल, तर तो उंबऱ्यांवर खर्च करा. पायपुसण्या उचलून कडेचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. तो आत जात असेल, तर छत शाबूत असूनही गाडी आतून खचू लागली आहे, असे समजा आणि तेवढा भाग कापून नवा पत्रा घालून घ्या. पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचांच्या खिळ्यांना तेल द्या. मुलगी पुढे बसली, की ती काच पूर्ण उलटी फिरवा. त्या काळच्या गाड्यांत वारा थेट अंगावर घेण्याची सोय तीच होती आणि आजही ती तितकाच वारा आत आणते.