पुलावरची खास गाडी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: शिकागोत रेल्वेप्रेमी मिळून पुलावरून धावणारी अख्खी गाडी भाड्याने घेतात, दिवसभर फिरतात आणि मधे थांबवून फोटोही काढतात, असं ऐकलं. रोजच्या गाड्या चालू असताना हे जमतं कसं? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

दोन रोजच्या गाड्यांच्या मधल्या फटीत ही गाडी बसवतात, म्हणून जमतं. ही फट नीट समजून घेतली, की अशा सहलीची बाकीची सगळी व्यवस्था आपोआप कळते.

शिकागोच्या उन्नत, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या रेल्वेला तिथे 'एल' म्हणतात. तिचा पहिला मार्ग ६ जून १८९२ रोजी सुरू झाला. शहराच्या मध्यभागाला वेढा घालणारा 'लूप' १८९७ साली पूर्ण झाला. आपल्याकडे लूप लाइन म्हटलं की गाडी बाजूला घ्यायची लाइन डोळ्यांसमोर येते. मिरजेत मालगाडी तशी बाजूला काढून एक्स्प्रेसला वाट देता येते. शिकागोचा लूप मात्र रस्त्यांच्या डोक्यावरून जाणारा दुहेरी मार्गाचा नुसता वेढा आहे, तिथे गाडी बाजूला घ्यायची सोयच नाही. खास गाडी जिथे थांबेल, तिथे मागची रोजची गाडीही थांबणार.

आता हिशेब करू. समजा रविवारी सकाळी एका मार्गावर दर १० मिनिटांनी गाडी आहे. खास गाडी पुढच्या गाडीनंतर ५ मिनिटांनी सोडली, तर मागचीही ५ मिनिटांवर असते. खास गाडीत प्रवाशांची चढउतार नसल्यामुळे ती मधली स्टेशनं सोडत जाते. एक थांबा वगळला की ब्रेक लावणं, दारं उघडणं-मिटणं आणि पुन्हा वेग घेणं यांत जाणारं पाऊण ते एक मिनिट वाचतं. तीन-चार स्टेशनं सोडली की तीन मिनिटं हातात येतात, पण तोवर ती पुढच्या गाडीला जवळजवळ चिकटते: अंतर दोन मिनिटांवर येतं आणि सिग्नल लाल मिळू लागतात. फोटोचा थांबा नेमका इथेच ठेवायचा. आता मागची गाडी ८ मिनिटं दूर असते. चार मिनिटं उभं राहिलं तरी पुढे ६ आणि मागे ४ मिनिटं उरतात. पाचवं मिनिट मागू नये. दार अडकलं किंवा एखादा माणूस फलाटावर राहिला, तर तेच मिनिट कामी येतं.

चार मिनिटांतली फोटोची मिनिटं किती, हाही प्रश्न आहेच. साठ-सत्तर माणसं उतरायला एक मिनिट लागतं आणि चढायला दीड, कारण शेवटचा फोटो प्रत्येकालाच हवा असतो. हातात राहतं दीड मिनिट. म्हणून थांब्याआधी गाडीतच सांगायचं: दार कोणत्या बाजूला उघडेल, फलाटाच्या कोणत्या टोकाला उभं राहायचं, शिट्टी कधी होईल. पुढच्या रांगेतल्यांनी गुडघ्यावर बसायचं. चालकाने पाटीवरचं गंतव्य बदलून जुन्या मार्गाचं नाव लावायचं असेल, तर तेही थांबण्यापूर्वीच बदललेलं असावं.

लूपवर मात्र फोटोचा थांबा ठेवूच नये. तिथे ब्राउन, ग्रीन, ऑरेंज, पिंक आणि पर्पल अशा पाच मार्गांच्या गाड्या येतात. ब्राउन घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. ऑरेंज, पिंक आणि पर्पल घड्याळाच्या दिशेने फिरतात. ग्रीन मार्गाच्या गाड्या आरपार जातात. लेक आणि वेल्स रस्त्यांच्या चौकावरच्या सांध्यावर हे सगळे मार्ग एकमेकांना छेदतात. तिथे एका गाडीने तीन मिनिटं खाल्ली की उशीर पाचही मार्गांवर पसरतो. लूपला एक फेरा मारायचा, खिडकीतून पाहायचं आणि पुढे जायचं. थांबे बाहेरच्या स्टेशनांवर किंवा शेवटच्या टर्मिनसवर ठेवावेत.

अशा सहलींचं खरं आकर्षण म्हणजे जुने डबे. शिकागोत १९२३ साली बांधलेले ४२७१ आणि ४२७२ हे दोन डबे आजही जपून ठेवलेले आहेत. अशी गाडी असेल तर जादा माणसं लागतात: तिची सवय असलेला चालक, डब्यात मेकॅनिक आणि नियंत्रण कक्षाशी बोलणारा पर्यवेक्षक. जुन्या-नव्या डब्यांचे कपलर (डबे एकमेकांना जोडणारे सांधे), ब्रेक आणि विजेच्या जोडण्या बरेचदा जुळत नाहीत. जुनी गाडी मधे बंद पडली, तर मागची गाडी तिला ढकलत नेईलच असं नाही. मदत कुठून आणि किती वेळात येणार, हे ठरल्याशिवाय गाडी आगारातून बाहेर काढू नये. उशीर झालाच, तर आधी फोटोचे थांबे कापायचे. वेग वाढवून उशीर भरून काढायचा नाही.

प्रश्न: तिथले डबे आपल्या मेट्रोपेक्षा आखूड का दिसतात? आणि रुळाशेजारी तिसरी पट्टी कसली? (शाहूपुरी, सातारा)

आखूडपणा वळणांमुळे आहे. एलचा डबा ४८ फूट, म्हणजे साधारण १४.६ मीटर लांब असतो. आपल्याकडच्या मेट्रोचा डबा २२ मीटरच्या आसपास असतो. लूपच्या कोपऱ्यांवर मार्ग दोन रस्त्यांच्या चौकातच काटकोनात वळतो. डबा लांब असता, तर त्याचं मधलं पोट आतल्या बाजूला घासलं असतं आणि टोकं बाहेर आली असती. तिथे चाकांचा किंचाळण्यासारखा आवाज येतो तो या तीव्र वळणांमुळेच.

ती पट्टी म्हणजे तिसरा रूळ. त्यात ६०० व्होल्ट डीसी वीज असते आणि डब्याच्या बाजूचं लोखंडी पायताण तिच्यावरून घासत जाऊन वीज घेतं. म्हणून फोटोसाठी फलाटावरून खाली पाय टाकणं तिथे जिवावरचं काम आहे. आपल्याकडे पुणे आणि नागपुरात महामेट्रो ही कंपनी चालवते त्या मेट्रो मार्गांना वरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट एसी वीज मिळते, त्यामुळे धोका पायाखाली नसून डोक्यावर आहे. तारेपासून किमान दोन मीटर अंतर राखायचं. सेल्फी स्टिक, लांब मोनोपॉड, छत्री, मुलांचे चमकते फॉइलचे फुगे यांतलं काहीही फलाटाच्या टोकाला उंच धरू नये. पतंगाचा ओला किंवा धातूची पूड लावलेला मांजा हीदेखील याच जातीची गोष्ट आहे. संक्रांतीच्या दिवसांत मुलांना हे आवर्जून सांगा.

प्रश्न: आम्ही मिरजेचे चाळीसेक रेल्वेप्रेमी आहोत. महाराष्ट्रात अशी सहल करता येईल का? (मिरज)

येईल, आणि पहिली सहल पुण्यालाच करावी. नागपुरात महामेट्रोने 'सेलिब्रेशन ऑन व्हील्स' नावाने मेट्रोच्या डब्यात वाढदिवस वगैरे साजरे करण्याची योजना काढली होती, म्हणजे गाडी राखून घेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पण चाळीस माणसांची शिस्त आधी रोजच्या गाडीत बसायला हवी. ते जमलं की महामेट्रोकडे लेखी अर्ज करा. त्यात तारीख, वेळ, माणसांची संख्या, कुठून कुठे जायचं, कुठे उतरायचं आणि जबाबदार दोघांचे फोन असावेत. गर्दीच्या वेळा टाळून रविवारची सकाळ मागा. 'फोटोसाठी मधे थांबवा' अशी विनंती केली तर वरचा फटीचा हिशेब कागदावर मांडून द्या. त्याने अर्जाला वजन येतं.

रोजच्या तिकिटावर पुण्याची सहल अशी आखावी. पुणे स्टेशनवर उतरून शेजारच्या मेट्रो स्टेशनवर जा आणि आधी रामवाडीला पोचा. तिथून वनाजपर्यंत सलग बसा. हा १६ स्टेशनांचा अख्खा मार्ग उन्नत आहे. मुळा-मुठेवरचा पूल, मुठेच्या काठाने जाणारा पट्टा, मराठी पगडीच्या आकाराची छतं असलेली छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना ही स्टेशनं, पुढे नळ स्टॉपला खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो, असं सगळं एका फेरीत येतं. परतताना जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरा. तिथे एक मार्ग डोक्यावर आणि दुसरा जमिनीखाली तीसेक मीटर खोल आहे. जिने उतरताना हा फरक पायांना कळतो. खालून पिंपरी-चिंचवडकडे जाणारी गाडी पकडलीत, की शिवाजीनगरनंतर ती भुयारातून वर चढून पुलावर येते. ही चढण पाहण्यासाठीच अनेकजण हा टप्पा करतात.

चाळीस जणांनी एका डब्यात शिरू नये. गाडी तीन डब्यांची असते. महिलांसाठी राखीव भाग सोडून तेरा-चौदा जणांचे तीन गट करा आणि प्रत्येकाला एक म्होरक्या द्या. एखादा मागे राहिला, तर बाकीच्यांनी उड्या टाकू नयेत. त्याने पुढच्या गाडीने यायचं आणि सगळ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकावर भेटायचं, हे सकाळीच ठरवा. तिकीट प्रत्येकाच्या फोनवर वेगळं असू द्या. एकाच फोनवर दहा क्यूआर असले की गेटवर प्रत्येक वेळी पडदा सरकवावा लागतो आणि मागे रांग लागते. शेवटच्या स्टेशनवर पोचून त्याच तिकिटावर परत फिरू नका. बाहेर पडून नवं तिकीट घ्या, नाहीतर गेट उघडत नाही आणि दंडाचा प्रश्न येतो.

नागपूर दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. तिथला पहिला टप्पा पूर्णपणे भुयाराविना आहे. वर्धा रस्त्यावर ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली उन्नत मार्ग आहे. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर एकाच जागी दिसतात. सांगलीहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट नागपूरला जाते, पण दिवसाहून अधिक वेळ घेते. पोचल्याच दिवशी मेट्रोची सहल ठेवू नका.

प्रश्न: मिरज ते पुणे एखादा डबाच राखून घेतला तर? (गावभाग, सांगली)

आयआरसीटीसीच्या 'फुल टॅरिफ रेट' पद्धतीने घेता येतो. एका डब्याला ५० हजार रुपये नोंदणी-अनामत सात दिवसांपर्यंतच्या प्रवासासाठी भरावी लागते आणि अर्ज प्रवासाआधी किमान ३० दिवस, जास्तीत जास्त सहा महिने करायचा असतो. भाडंही नेहमीच्यापेक्षा ३० टक्के जास्त बसतं. संपूर्ण खास गाडी मागितली तर ती किमान १८ डब्यांची धरली जाते, म्हणजे अनामतच नऊ लाख होते. डबा जोडायला गाडी १० मिनिटं तरी थांबणारं स्टेशन लागतं, त्यामुळे सांगलीपेक्षा मिरजेतून मागणं सोपं.

पण चाळीस माणसांसाठी आणि एका दिवसासाठी हा खर्च परवडत नाही, असं आमचं मत आहे. साधं आरक्षण काढा. एका अर्जावर सहाच प्रवासी बसतात. सात अर्ज एकदम द्यायचे असतील तर आरक्षण कार्यालयात पर्यवेक्षकांना आधी भेटा.

प्रश्न: गाडीचा फोटो काढला की पाटीवरचं गंतव्य अर्धवट येतं. कॅमेरा बिघडलाय का? (कराड, जि. सातारा)

कॅमेरा ठीक आहे. एलईडी पाटी डोळ्यांना सलग दिसली तरी ती फार वेगाने लुकलुकत असते. १/१००० सेकंदात तिचा एखादाच तुकडा पेटलेला सापडतो. शटर १/१२५ किंवा त्याहून हळू ठेवा. मात्र ४० किलोमीटर वेगाने येणारी गाडी १/१२५ सेकंदात जवळपास ९ सेंटिमीटर पुढे सरकते आणि फोटोत गाडीचा फराटा उमटतो. उपाय सोपा आहे: धावत्या गाडीचा फोटो १/१००० ला काढा, आणि पाटीचा फोटो गाडी थांबत आल्यावर वेगळा काढा.

उजेडाचं म्हणाल, तर वनाज-रामवाडी मार्ग साधारण नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातो. सकाळी रामवाडीकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन असतं आणि संध्याकाळी वनाजकडे जाणाऱ्या. डब्यातून काढताना भिंग काचेला टेकवा आणि भोवती काळं फडकं धरा, म्हणजे आतले दिवे फोटोत येत नाहीत. फ्लॅश चालकाच्या दिशेने कधीही नको. ट्रायपॉड किंवा मोठा कॅमेरा लावायचा असेल तर परवानगीचं पत्र खिशात असावं, कारण सुरक्षारक्षक अडवणारच आणि ते त्यांचं कामच आहे.

प्रश्न: सोबत सत्तरीच्या आई आहेत. गाडीत स्वच्छतागृह आणि खाण्याची सोय असते का? (सदरबझार, सातारा)

डब्यात दोन्ही नसतं, पुण्यातही नाही आणि शिकागोतही नाही. दर दीड तासाने स्टेशनवरचा वीस मिनिटांचा थांबा आधीच वेळापत्रकात लिहा. आईंसाठी लिफ्ट कोणत्या बाजूला आहे हे स्टेशनवर पोचताच विचारून घ्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गेटबाहेर पडल्यावर उघडा. पाण्याची बाटली मात्र हाताशी असू द्या.