५ सेंमी जाडीचं रिव्हर टेबल करताना रेझिन एकदम ओतावं की थर देऊन?

रिव्हर टेबल म्हणजे लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये नदीसारखा इपॉक्सी रेझिनचा पट्टा ओतून केलेलं टेबल. घोडबंदर रोडला राहता, टेबलटॉप रेझिनचा ५ सेंमीचा नमुना ओतला तर तो धुरावला, पिवळा पडला आणि तडकला, असं तुम्ही लिहिलंय. रबाळ्याच्या माझ्या गाळ्यात हे मीही पाहिलंय. मे महिन्यात भर दुपारी मिसळलेलं रेझिन बादलीत तसंच ठेवून फोन घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा बादली वितळत होती आणि खोलीभर उग्र धूर होता.

रेझिन आणि हार्डनर (रेझिनला कडक करणारा दुसरा द्रव) एकत्र आले की उष्णता निर्माण होते. पातळ थरातून ती निघून जाते, जाड थरात मधोमध कोंडते. उष्णतेने प्रक्रिया आणखी वेगात चालते आणि पुन्हा उष्णता वाढते. टेबलटॉप रेझिन साधारण ३ ते ६ मिमीच्या थरासाठीच बनवलेलं असतं. तुम्हाला ‘डीप पोअर’ किंवा कास्टिंग रेझिन हवं. त्याचा हार्डनर संथ असतो आणि रेझिन पातळ असल्यामुळे बुडबुडे वर यायला वेळ मिळतो.

डब्यावर एका थराची कमाल जाडी दिलेली असते. ५ सेंमी लिहिलं असलं तरी ठाण्याच्या उन्हाळ्यात मी एका वेळी अडीचच ओततो, कारण असे आकडे बहुधा २५ अंशांच्या आसपासचे असतात. पहाटे ओता किंवा एसीच्या खोलीत, आणि वरून पंख्याचा वारा राहू द्या. मिसळून झालं की बादलीत ठेवू नका, लगेच साच्यात जाऊ द्या.

दुसऱ्या थराची वेळ फार महत्त्वाची. हातमोजा घालून बोट टेकवा: चिकट लागलं पण मोज्याला काही आलं नाही, की ओता. तेव्हा दोन्ही थर रासायनिकरीत्या जुळतात. ती वेळ हुकली तर पूर्ण कडक होऊ द्या, पाण्याने पुसून वाळवा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि मगच पुढचा थर द्या. रंग मात्र सगळ्या थरांचा एकदमच, नुसत्या रेझिनमध्ये कालवून ठेवा. प्रत्येक थराला वेगळा कालवला तर कडेने रेघ दिसते, आणि ती नंतर काही केल्या जात नाही.

हिशेब असा: नदी १२० सेंमी लांब, सरासरी २० रुंद, ५ खोल, म्हणजे १२ लिटर, वजनात साधारण १३ किलो. प्रमाण मापाचं आहे की वजनाचं, हे डब्यावर नीट बघा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे मापाचं २:१ हे वजनाचं २:१ होत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी चिकट राहिलेली टेबलं बहुतेक याच घोळातली असतात.

वखारीतून आणलेली फळी ओलाव्याच्या मीटरने तपासून घ्या. १२ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा, पावसाळ्यात तर नक्कीच. ओतायच्या आधी लाकडाच्या कडांना रेझिनचा पातळ हात द्या, नाहीतर सच्छिद्र लाकडातून रात्रभर बुडबुडे येत राहतात. नायट्रिलचे मोजे आणि ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क वापराच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, आणि मग हे काम कायमचं सोडावं लागतं.

नवा डबा आणलात की लेबलवरची जाडी आणि प्रमाण इथे लिहा, थर आणि वजनं मी मोजून देतो.